कुलगुरूंनी लोकांसमोर बोलावं

परदेशांतल्या काही विद्यापीठांत नव्या कुलगुरूंची झगे घालून, समारंभाच्या दंडासह मिरवणूक निघते, भाषण होतं. अमरावतीत? दालनात कागदावर सही, पुष्पगुच्छ, फोटो; झालं पदग्रहण. गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठाला हा साधेपणा शोभतोही.

भाषण मात्र हवंच. का, ते बघा.

जानेवारी २०२३ मध्ये इथले कुलगुरू डॉ. दिलीप मालखेडे पदावर असतानाच गेले. पूर्णवेळ कुलगुरू मिळायला ऑक्टोबर उजाडला. तोवर पाच जिल्ह्यांचा गाडा प्रभारींच्या भरवशावर. कायद्यानं मुदत पाचच वर्षांची, फेरनियुक्ती नाही. वेळ इतका कमी, मग नव्या कुलगुरूंनी पहिल्याच आठवड्यात अकोला, वाशीम, बुलडाणा, यवतमाळ गाठावं. निकाल कधी लागणार, रिक्त जागा कधी भरणार, हे पोरांसमोर उभं राहून सांगावं. हारतुरे नकोत, चहा चालेल.