बातची दगडी थडगी आणि शुक्रवारची सहल

इब्रीतल्या आपल्या कुटुंबांना शुक्रवारी कोठे जावे, हा प्रश्न फारसा पडत नाही. पूर्वेची वाट धरावी आणि बात किंवा अल-ऐन येथे चटई पसरावी. अल-ऐनच्या टेकडीवर पालथ्या रांजणासारखी दगडी थडगी ओळीने उभी आहेत; मागे जबल मिश्त, म्हणजे कंगव्याचा डोंगर. मुले थेट थडग्यांकडे धावतात आणि तेथूनच पंचाईत सुरू होते.

ही थडगी इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातील आहेत. ज्या 'मगान' देशाच्या तांब्याची नोंद मेसोपोटेमियाच्या लेखांत आहे, तो देश म्हणजे ओमान असे संशोधक मानतात. शेजारी ज्या 'मेलुहा'चा उल्लेख येतो, तो सिंधू खोऱ्याचा. अक्कदच्या सार्गोन राजाने दोन्हीकडची गलबते आपल्या धक्क्याला लागल्याचे अभिमानाने नोंदविले आहे. तेव्हा आपली इकडची ये-जा काही तेलाबरोबर सुरू झालेली नव्हे!

बात, अल-खुत्म आणि अल-ऐन ही स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 1988 साली आली. त्या वेळी एक भीती होती ती घरे बांधण्यासाठी दगड उचलून नेणाऱ्यांची. आता भीती निराळी आहे. डिसेंबर 2021 मध्ये रुब-अल-खालीच्या वाळवंटातून सौदी अरेबियाला थेट जाणारा रस्ता खुला झाला आणि तो इब्रीहूनच निघतो. पूर्वी अमिरातीला वळसा घालावा लागे. वाटेवरचे गाव झाले की पाहुणे वाढणारच, आणि त्यांतले काही थडग्यांकडेही वळणार.

यादीत नाव लागले म्हणजे निर्धास्त व्हावे, असे मात्र नाही. याच ओमानातील अरबी ओरिक्स हरणांचे अभयारण्य 1994 साली यादीत आले. पुढे शिकार वाढली, तेलाच्या शोधासाठी अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी घटविले गेले. 1996 मध्ये साडेचारशे असलेली हरणे 65 वर आली आणि 2007 साली नाव काढले गेले. यादीतून वगळले गेलेले जगातले ते पहिले स्थळ. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले यादीत आले, त्यांत अकरा महाराष्ट्रातले व बारावा तमिळनाडूतील जिंजी. त्या वेळी पेढे वाटणाऱ्या आपण सर्वांनी ही हकीकत ध्यानी ठेवावयास हवी.

मग सगळीकडे कुंपण घालावे काय? आमच्या मते नाही. जेथे माणूस फिरकत नाही, तेथील दगड हलला तरी कोणाला कळत नाही. आखलेली पायवाट आणि बात गावचाच माहीतगार राखणदार, एवढ्याने पुष्कळ साधेल. थडग्यांचे दगड चुन्यामातीवाचून एकावर एक रचलेले आहेत. छायाचित्रासाठी मुलाला वर चढविले आणि एक दगड निसटला, तर त्यावरची सारी रांग सैल होते. थंडीत सहलींची गर्दी होते. पायवाटेचे काम त्याआधी व्हावे, आणि तोवर चटई टेकडीच्या पायथ्याशीच पसरावी.