कंपनी बुडाली, फ्लॅशनं का मरावं?

फ्लॅशची नळी गेली तर बदलता येते, कपॅसिटर गेला तर बदलता येतो. हात चालणारा कारागीर तेवढं करून देतो. माझ्या फ्लॅशचं यातलं काहीच बिघडलेलं नाही. तरी तो पडून आहे, कारण मी नवी कॅमेरा बॉडी घेतली आणि फ्लॅशला तिची भाषा कळेना.

किन्हीराजात आणि आसपासच्या गावांत मी लग्नांचे फोटो काढतो. कॅमेऱ्याच्या कंपनीचा फ्लॅश महाग, म्हणून आमच्यासारखे लोक दुसऱ्या कंपनीचा घेतात. तो कॅमेऱ्याशी बोलतो ते आतल्या फर्मवेअरच्या जोरावर. नव्या बॉडीसाठी ते बदलावं लागतं; फ्लॅशला त्यासाठीच यूएसबीचं भोक दिलेलं असतं. भोक आहे, केबल आहे, फाइल नाही. कंपनी बंद, तिची वेबसाइटही बंद.

‘मॅन्युअलवर वापरा की!’ असा सल्ला मिळतो. वापरतोच. पण हळदीत माणसं पुढे-मागे होतात, अंतर क्षणाक्षणाला बदलतं. टीटीएलमध्ये कॅमेरा आधी एक हलका झोत टाकून उजेड मोजतो, मग फ्लॅशला किती पेटायचं ते सांगतो. मी पैसे त्याचे मोजले होते.

कंपन्या बुडणं नवीन नाही. १९३८ साली सुरू झालेली, फ्लॅशसाठी जगभर नाव असलेली जर्मनीची मेट्झ २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे तिचा टीव्हीचा धंदा एकाकडे गेला, फ्लॅशचा दुसऱ्याकडे. तिला निदान घेणारे मिळाले. जिला कोणीच मिळत नाही, तिच्या गिऱ्हाइकाचं काय? लिलावात यंत्रं, जागा, नाव यांची किंमत होते. गिऱ्हाइकाला लागणाऱ्या फाइलची किंमत शून्य, म्हणून तिचा वालीही कोणी नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं. पण तिथे दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी द्यायची आहे. मेलेली कंपनी कुठून देणार?

उपाय आपल्याच देशात जुना आहे. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकाला प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात द्यावी लागते. उद्या प्रकाशन बंद पडलं, तरी पुस्तक राहतं. तोच नियम फर्मवेअरला लावा. वस्तू भारतात विकायची, तर प्रत्येक अपडेटची फाइल आणि ती चढवणारा प्रोग्राम सरकारी भांडारात जमा करा. कंपनी चालू असेतो कुलूप राहू द्या. बंद पडली की उघडा.

‘धंद्याचं गुपित फुटेल’ ही ओरड पोकळ आहे. कंपनीनं प्रोग्राम कसा लिहिला, ते कोणी मागत नाही. जी तयार फाइल ती स्वतःच गिऱ्हाइकाला फुकट देत होती, तेवढीच जपून ठेवा म्हणतो.

नव्या बॉडीसाठी नवी फाइल मेलेली कंपनी लिहिणार नाही, हे मलाही कळतं. पण जी लिहून झाली होती, ती हरवू देणं हा निव्वळ हलगर्जीपणा आहे. त्याचा भुर्दंड मात्र लग्नसराईच्या चार महिन्यांवर वर्ष काढणाऱ्यानं भरायचा.