समेट म्हणजे काय?

१९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा झाला तो महिला संघटनांनी मागणी लावून धरल्यावर. घटस्फोटाच्या दाव्यात समुपदेशक आला, ही निःसंशय पुढची पायरी होती. परंतु याच कायद्याचे चौथे कलम न्यायाधीश निवडताना विवाहसंस्थेच्या रक्षणाविषयीची बांधिलकी पाहावयास सांगते. मुलांच्या कल्याणाचा उल्लेख त्यानंतर येतो. नवव्या कलमातील तडजोड म्हणजे पोटगी, मुलांचा ताबा यांविषयीचा करारही असू शकतो. व्यवहारात मात्र तिचा अर्थ ‘समेट’ असा केला जातो, आणि समेट म्हणजे बाईने सासरी परतणे! भाषांतरावर पोट भरणाऱ्या मला हा शब्द बोचतो.

मार खाऊन बाहेर पडलेल्या स्त्रीला ‘मुलांकडे पाहून जुळवून घ्या’ असे सांगणे हे समुपदेशन नव्हे. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा तर अशा प्रत्येक तारखेला रोजही बुडतो.

आणि त्या मुलांना विचारतो कोण? समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालयाला विचारात घेता येते, असे १८९० चा पालक व पाल्य कायदासुद्धा म्हणतो. पण ‘आई हवी की बाबा?’ असे भरल्या खोलीत नऊ वर्षांच्या पोराला विचारणे हे क्रौर्यच. हे तुझ्यामुळे घडलेले नाही, हे त्याला आधी कळले पाहिजे. शाळा तीच राहील का, आजी भेटेल का, हे त्याचे खरे प्रश्न असतात.

मुलासाठी समुपदेशकाची स्वतंत्र भेट आणि कामकरी स्त्रीला सोयीच्या तारखा, या मागण्या आपल्या महिला व कामगार आघाड्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत मांडाव्यात.