नऊ मायक्रोसेकंदांची हाक

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रात नाक कशाला खुपसावे, असे कुणी म्हणेल, म्हणो बापडे. १९८२ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाचा मेंदू म्हणजे झेड-८० हा प्रोसेसर. झायलॉग कंपनीने २०२४ मध्ये या चिपच्या अखेरच्या मागण्या घेतल्या. हौशी मंडळी त्याच्या जागी आजचा, शेकडो पटींनी वेगवान प्रोसेसर बसवून त्याच्याकडून झेड-८०ची नक्कल करवतात. वेग आला की सारे आले, हा समज मला मुळीच पटत नाही.

स्पेक्ट्रममधली यूएलए ही चिप सेकंदाला सुमारे ५० वेळा प्रोसेसरला ‘इंटरप्ट’ देते, म्हणजे हातचे काम थांबवायला लावणारी हाक. ती टिकते जेमतेम ९ मायक्रोसेकंद, आणि कुठे नोंदून ठेवली जात नाही. कळफलक वाचणे, घड्याळ पुढे सरकवणे, सारे याच हाकेवर. नवा प्रोसेसर लिनक्ससारख्या प्रणालीची इतर कामे करताना क्षणभर पाठमोरा झाला, की हाक हुकली! उलट जुना ठेका न जुमानता फारच चपळाईने काम उरकून परतला, तर तीच हाक अजून चालूच. तो पुन्हा ओ देतो आणि घड्याळ भलतेच पुढे धावते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की नव्या प्रोसेसरचा एक कोअर केवळ या तारेवर नजर ठेवायला राखावा आणि त्याचा वेग जुन्या ठेक्याला बांधावा. कित्येक जुन्या कार्यक्रमांत पडद्याच्या कडेला उमटणारे रंगीत पट्टेसुद्धा याच ठेक्याच्या हिशेबाने काढलेले आहेत.