घरांतील तंबोरा आणि त्याची जवारी

सांगली-साताऱ्याकडील पुष्कळ एकत्र कुटुंबांत हल्लीं एकाच छपराखालीं दोन तंतुवाद्यें नांदतांना दिसतात. माजघराच्या कोपऱ्यांत आजेसासूबाईंच्या वेळचा तंबोरा गवसणींत उभा असतो, आणि माडीवर धाकट्या चिरंजीवांची विजेची गिटार असते. गिटार रोज वाजते. तंबोरा दसऱ्याच्या पूजेपुरता बाहेर येतो. ‘त्याचा आवाज मेला’ असें ठरवून तो विकावा कीं दिवाणखान्यांत शोभेस ठेवावा याचा खल होतो, आणि मुलीच्या शिकवणीसाठीं विजेवर चालणारी सुरांची पेटी घरांत येते. आम्हांस या महिन्यांत सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, बहुतेक घरीं तंबोरा मेलेला नसतो. त्याची जवारी गेलेली असते. ती पुन्हां काढतां येते.

तबलीवर ज्या घोडीवरून तारा जातात ती घोडी नीट न्याहाळून पाहावी. गिटारची किंवा सारंगीची तार ज्या आधारावर टेकते त्याची कड अरुंद असते. तंबोऱ्याची घोडी मात्र चांगली रुंद असून तिच्या पाठीस अगदीं सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार कंप पावूं लागली म्हणजे ती या उतारावर क्षणोक्षणीं टेकते व सुटते, आणि त्या घासण्यांतून मूळ स्वराबरोबर त्याचे उपस्वर एकामागून एक झरूं लागतात. तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा दोरा सरकवून ही टेक नेमकी कोठें व्हावी तें ठरवितात. खर्जाच्या तारेंतून कोणीं न छेडलेला गंधार ऐकूं येतो तो याच युक्तीनें. तो त्या तारेचा पांचवा उपस्वर होय. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथें ज्या उपस्वरांची गांठ पडते ते उपस्वर तिच्यांतून निघूं नयेत, असा पाश्चात्य शास्त्रज्ञांचा नियम होता. तंबोरा व वीणा हा नियम पाळीत नाहींत, आणि याचें कारण त्यांच्या घोडीची घडण हेंच आहे, असें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं 1921 सालीं दाखवून दिलें.

वर्षानुवर्षें वाजून तार घोडीवर बारीक खांच पाडते. मग ती उतारावर सारखी घासत नाहीं. आवाज बसतो, नाहींतर कर्कश झणझणूं लागतो. खुंट्या कितीही पिळल्या तरी हा दोष जात नाहीं, उलट तारा मात्र तुटतात.

माडीवरील चिरंजीवांस हा विषय परका वाटण्याचें कांहीं कारण नाहीं. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, लाटांवरून फळीनें घसरण्याच्या खेळाच्या नादांत, ‘सर्फ’ म्हणून गिटारवादनाचा एक प्रकार निघाला. डिक डेल हा त्याचा अध्वर्यु. ओलसर, घुमणारा व तरीहि धारदार असा नाद काढण्यासाठीं त्यानें जाड तारा घेतल्या. आणि 1961 मध्यें फेंडर कंपनीनें स्प्रिंगांची एक पेटी विक्रीस आणली, जिच्यांतून गेलेला स्वर रेंगाळत बाहेर पडे. ती मंडळी स्प्रिंगांकडून जें रेंगाळणें मिळवीत होती, तें आमच्या कारागिरानें सुताच्या दोऱ्याकडून व अर्ध्या केसाच्या उतारावरून मिळविलें होतें. पुढें 1967 मध्यें अमेरिकेंतच ‘कोरल’ नांवाची विजेची सतार निघाली. ती वास्तविक गिटारच. फक्त तिच्या तारांखालीं रुंद, सपाटशी घोडी बसविली होती, कीं जेणेंकरून तार तिच्यावर घासून सतारीसारखी झणझणावी. गिटार जुळविणारा एरवीं ज्या झणझणाटास हाकलून देतो, त्यालाच तेथें पाट मांडून बसविलें!

ही विद्या शिकण्यास आपणांस दूर जावें लागत नाहीं. सांगलीहून हांकेच्या अंतरावर मिरज आहे. एकोणिसाव्या शतकांत, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानें, फरीदसाहेब नामक कारागिरानें येथें तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला. हें घराणें मूळचें शिकलगारांचें, म्हणजे शस्त्रांस धार लावणारांचें. तरवारीची धार जोखणारा हात घोडीच्या पाठीवर फिरूं लागला हें आम्हांस तरी अगदीं स्वाभाविक वाटतें. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळे, तुणीचें लांकूड आणि या गल्लींतील हात, यांतून निघालेले तंबोरे देशभर गेले. अब्दुल करीमखांसाहेबांसारखा सुराचा चोखंदळ गवई मिरजेंत येऊन राहिला, त्यालाहि अशी वाद्यें व असे कारागीर जवळ असणें सोयीचेंच झालें असेल. 2024 मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. तें योग्यच झालें. परंतु मानांकनानें जवारी निघत नाहीं. ती कारागिराच्या कानांत असते, आणि बापाजवळ बसून मुलगा वर्षानुवर्षें ऐकतो तेव्हां ती पुढें जाते. काम येईनासें झालें तर मुलगा बसणार कशासाठीं?

विजेच्या पेटीचा आम्हीं द्वेष करीत नाहीं. प्रवासांत ती उपयोगी पडते. पण तिला सूर लावावा लागत नाहीं ही जशी तिची सोय, तशी शिकणाऱ्या मुलीस सूर लावण्याची संवय होत नाहीं हा तिचा तोटा. जोडीच्या दोन तारा एकमेकींत मिळतात तो क्षण जिनें स्वतःच्या हातानें साधला, तिच्या गळ्यास षड्ज निराळा सांगावा लागत नाहीं.

तंबोरा दुरुस्तीस न्यावयाचा तर आगगाडींत तो सामानाखालीं न दडपतां मांडीशीं उभा धरावा. भोपळा फुटला तर जवारीची गोष्टच राहिली. गाणारी मुलगी बरोबर न्यावी, कारण कारागीर पहिला प्रश्न पट्टीचा विचारतो. काळी चारच्या तारा काळी एकवर ढिल्या सोडून जवारी जमत नाहीं. जी पट्टी गावयाची तींतच तारा चढवून ती काढावी लागते. तो तारा उतरवील, घोडीवर कानस फिरवील, पुन्हां तारा चढवून ऐकेल, पुन्हां उतरवील. यांत घाई करूं नये, व ‘इतकेंसें घासण्याचे पैसे कसले’ असेंहि म्हणूं नये. जवारी खुली हवी कीं जराशी बंद, हें आधीं सांगावें. सतारींत रविशंकरांची जवारी खुली, तर विलायतखांसाहेबांची बंद अंगाची. तंबोऱ्यास मात्र बहुधा खुलीच शोभते. जुनी घोडी हस्तिदंताची असल्यास ती फेंकून देऊं नये. हस्तिदंताचा व्यापार आतां कायद्यानें बंद आहे, आणि तीच घासून बहुधा पुन्हां कामास येते.

घरीं आणल्यावर घोडीस घरांतील कोणीं काचकागद लावूं नये. दोरा मात्र ज्याचा त्यानें सांभाळावा. तो साध्या सुताचा असावा, मळला कीं बदलावा, आणि तारेखालीं बोटाच्या टोकानें तिळभर पुढें, तिळभर मागें सरकवीत ऐकत राहावें. एका जागीं तार एकदम उघडते. तेथें थांबावें.