पहिलारू कालवड अडते तेव्हा
पहिलारू कालवड व्यायला अडली की गोठ्यात गर्दी जमते. कोणी दोर आणतो आणि चौघे मिळून वासरू ओढू लागतात. यातून मदतीपेक्षा इजाच जास्त होते. पहिल्या वेताला जननमार्ग अरुंद असतो, तो सैल व्हायला वेळ लागतो. घाईने ओढल्यास तो फाटतो, वासरूही दगावते.

पाणमोट फुटल्यावर पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक दिसले, तर वासरू सरळ आहे. कालवडीला शांतपणे कळा देऊ द्याव्यात. तासाभरात काहीच पुढे सरकले नाही किंवा एकच पाय वा शेपूट दिसले, तर लगेच पशुवैद्यकाला बोलवावे. राज्यात त्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

अडण्याचे कारण मात्र अनेकदा नऊ महिने आधीचे असते. पुरती न वाढलेली कालवड आणि मोठ्या बांध्याच्या वळूचे रेतन, ही जोडी धोक्याची. संकरित कालवड सुमारे २५० किलोची झाल्याशिवाय भरवू नये. लवकर दुधाच्या घाईत कालवडच गेली, तर हिशेब कसला?