निवासी डॉक्टरांच्या मेजवान्या

उपकाराची जाणीव दाखविण्याचे जे प्रकार आपल्या समाजांत रूढ आहेत, त्यांत जेवूं घालणें हा सर्वांत जुना आणि सर्वांत प्रांजळ प्रकार होय. शब्द खोटे असूं शकतात, शाल उसनी असूं शकते. पण भुकेल्या माणसाच्या पानांत वेळेवर पडलेला गरम घांस खोटा असूं शकत नाहीं. म्हणूनच या प्रकाराची कोणी विटंबना केली, तर ती इतर कोणत्याहि शिष्टाचाराच्या विटंबनेहून अधिक बोंचते. पिंपरी-चिंचवड व चाकण या उद्योगपट्ट्यांत इस्पितळांतील निवासी डॉक्टरांना 'सहकुटुंब' बोलावून ज्या वार्षिक मेजवान्या दिल्या जातात, त्यांतील पुष्कळशा याच सदरांत मोडतात, असें आमचें स्पष्ट मत आहे. कोणा एका संस्थेचें नांव घेण्याचें येथें प्रयोजन नाहीं. कारण दोष एका संस्थेचा नसून रीतीचा आहे.

निवासी डॉक्टर म्हणजे कोण, हें प्रथम सांगणें अवश्य आहे. एम्. बी. बी. एस्. होऊन एम्. डी. किंवा एम्. एस्. चा तीन वर्षांचा अभ्यास करणारा, म्हणजे साधारणतः पंचविशी ओलांडलेला आणि पूर्ण अर्थानें डॉक्टर असलेला, असा हा तरुण अथवा तरुणी असते. महामार्गावरच्या अपघातांत सांपडलेला किंवा यंत्रांत हात चेंगरलेला रुग्ण मध्यरात्रीं येतो, तेव्हां त्याला प्रथम हात लावणारा बहुधा हाच. 'निवासी' हें विशेषण अमेरिकेंतून आलें. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ 1889 सालीं उघडलें. तेथें विल्यम ऑस्लर आणि शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनीं ही पद्धति बसविली. शिकाऊ डॉक्टरानें इस्पितळांतच राहावें, संसाराच्या पाशांत पडूं नये, अशी तिची अपेक्षा होती. आज पद्धति तीच आहे; बदल एवढाच कीं, डॉक्टर विवाहित आहे. ब्रह्मचाऱ्याच्या मापानें शिवलेला अंगरखा आपण गृहस्थाच्या अंगावर चढविला आहे, आणि तो कोठें उसवला तर दोष मात्र गृहस्थाच्या अंगाला देतों!

आतां या मेजवानीचें स्वरूप पाहूं. स्थळ म्हणजे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील किंवा वाकड-हिंजवडीकडील एखाद्या हॉटेलचें सभागृह. निमित्त परीक्षेच्या निकालाचें, किंवा 1 जुलैच्या डॉक्टर दिनाचें, डॉ. विधानचंद्र रॉय यांचा जन्म आणि मृत्यु या एकाच तारखेचा, म्हणून ती निवडलेली. निमंत्रणावर वेळ आठाची. त्या वेळीं निवासी डॉक्टरांच्या बायका अगर नवरे येऊन बसतात. एकटेच, कारण ज्याच्यासाठीं ते आले तो अजून वॉर्डांतून सुटलेला नसतो. नऊ वाजतां प्रमुख पाहुणे येतात. मग दीपप्रज्वलन, विभागाच्या वर्षभराच्या कामगिरीचीं पडद्यावर चित्रें, ज्येष्ठांना शाल-श्रीफळ, आणि ज्येष्ठांनीं ज्येष्ठांचे मानलेले आभार. 'निवासी डॉक्टर हे इस्पितळाचा कणा आहेत' हें वाक्य एकदां उच्चारलें जातें, टाळ्या पडतात, आणि त्या कण्यावर पुन्हां ओझें ठेवलें जातें. कित्येक ठिकाणीं हा समारंभ उभारण्याचें कामहि त्याच कण्याकडे असतें: वर्गणी त्यांची, ध्वनिक्षेपक त्यांनीं आणलेला, सूत्रसंचालन त्यांचें. साडेदहाला एकदांचें जेवण सुरू होतें. ताटली हातांत धरून रांगेंत उभें राहावें, थंड पनीर आणि चामड्यासारखा झालेला नान घ्यावा, आणि जोडीदारानें कोपऱ्यांत उभें राहून कोणाच्या पित्ताशयांतून किती खडे निघाले हें ऐकावें. तेवढ्यांत फोन वाजतो. गुलाबजाम वाटींत तसाच राहतो, डॉक्टर इस्पितळाकडे धांवतो, आणि त्याची पत्नी रिक्षा शोधीत एकटीच घरीं जाते. तिचें नांव काय, हें त्या सभागृहांत कोणी विचारलेलें नसतें.

आपल्याकडील पंगतीचा नियम याच्या नेमका उलट होता. यजमान शेवटच्या पंगतीला बसे. पाहुण्याच्या पानांत कांहीं कमी पडलें, तर तें यजमानाचें उणें समजलें जाई. पंगतीचे दोष आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. तिनें जातिभेद पिढ्यान् पिढ्या पोसला, माणसें उंबऱ्याबाहेर ठेवलीं, आणि तो भेद मोडण्यासाठीं महाराष्ट्राला सहभोजनांची चळवळ करावी लागली. परंतु या नव्या मेजवानींत गंमत अशी झाली आहे कीं, पंगतीचा भेद तेवढा राहिला आणि पंगतीचें आतिथ्य मात्र गेलें. पुढच्या राखीव टेबलांवर विभागप्रमुख व पाहुणे बसतात, त्यांना बसल्या जागीं वाढलें जातें. ज्यांच्या नांवानें समारंभ ते मागें रांगेंत उभे!

तथापि केवळ जेवण थंड होतें एवढ्यासाठीं आम्हीं लेखणी उचलली नसती. आमचा आक्षेप याहून खोल आहे. हें जेवण कृतज्ञतेचें नसून पावतीचें आहे. वर्षभराचें देणें एका रात्रींत फिटलें असें लिहून घ्यावें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळपासून जुन्याच व्यवहाराचें नवें खातें उघडावें, असा हा प्रकार आहे. आणि तें देणें पक्वान्नांचें नव्हेच. तें वेळेचें आहे, झोपेचें आहे, रोजच्या घांसाचें आहे.

हें देणें किती, याचा हिशेब समजण्यास या उद्योगपट्ट्यासारखें दुसरें स्थळ नाहीं. पिंपरीस 1954 सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढें चिंचवड, आकुर्डी, भोसरी, आणि अखेर चाकणपर्यंत यंत्रांचा पसारा वाढत गेला. येथें पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रात्रपाळी हीं शाळकरी मुलांनाहि पाठ असतात. 1948 च्या कारखाने कायद्यानें प्रौढ कामगाराच्या कामास आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. त्याहून जास्त काम घेतल्यास दुप्पट दरानें मजुरी देण्यास लावलें. आणि 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना उपाहारगृह ठेवण्याची सक्ति करण्याची तरतूद केली. 2025 च्या नोव्हेंबरांत नव्या श्रमसंहितेनें त्या कायद्याची जागा घेतली, तरी कामाच्या तासांना सीमा असावी हें तत्त्व कोणी सोडलेलें नाहीं. त्याच्याहि फार पूर्वीं, 1890 सालीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें मुंबईच्या गिरणीकामगारांस आठवड्याची सुट्टी मिळाली. कामगाराच्या पाळीला भोंगा आहे. त्या कामगाराची जखम शिवणाऱ्या डॉक्टराच्या पाळीला भोंगा नाहीं.

डॉक्टरांसाठीं नियमच नाहींत असें नव्हे. निवासी डॉक्टरांचें सलग काम सामान्यतः 12 तासांहून अधिक नसावें, असें केंद्र सरकारनें 1992 सालींच सांगितलें. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत कामाचे तास 'वाजवी' असावेत आणि आठवड्यास एक सुट्टी मिळावी, असें लिहिलें आहे. पुढें 2024 सालीं त्याच आयोगाच्या कार्यगटानें आठवड्याला 74 तासांहून अधिक काम घेऊं नये अशी शिफारस केली. पहिल्या नियमांत 'सामान्यतः' हा शब्द, दुसऱ्यांत 'वाजवी', आणि तिसऱ्या ठिकाणीं मोठ्या औदार्यानें 74 चा आंकडा! प्रत्यक्षांत सलग चोवीस नव्हे, तर छत्तीस तास जागून काढणें ही तरुण डॉक्टरांच्या तोंडून नित्य ऐकूं येणारी हकीकत आहे. 1997 सालीं प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियांतील एका प्रयोगांत असें आढळलें कीं, 17 तास सलग जागलेल्या माणसाचें कौशल्य रक्तांत शेंकडा 0.05 मद्यार्क असलेल्या माणसाइतकें खालावतें, आणि 24 तासांनंतर तें शेंकडा 0.10 च्या पातळीला उतरतें. आपल्याकडे वाहन चालविणाऱ्यास कायद्यानें घातलेली मर्यादा शेंकडा 0.03 आहे. म्हणजे जो मनुष्य मोटारीचें चक्र हातीं धरण्यास अपात्र ठरावा, त्याच्या हातीं आपण निःशंकपणें शस्त्र देतों, आणि त्यावर आपलीं मुलेंबाळें सोंपवितों! तेव्हां हा प्रश्न केवळ डॉक्टरांच्या सुखाचा नाहीं. वाचकांच्या घरांतील प्रत्येकाच्या जिवाचा आहे.

आणि या देण्याचा अर्धा वांटा घरीं बसलेल्या माणसाचा आहे. पति चाकणच्या कारखान्यांत दुसऱ्या पाळीवर, पत्नी इस्पितळांत रात्रपाळीवर, आणि दोघांची भेट दाराच्या कुलुपापाशीं, असे संसार या भागांत कांहीं थोडे नाहींत. ताटावर झांकण घालून वाट पाहणारा, सणाला सासरीं एकटाच जाणारा, 'आज येणार कीं नाहीं' हा प्रश्न विचारण्याचेंहि सोडून दिलेला जो जोडीदार, त्याच्या बळावर इस्पितळांची रात्र निभावते. वर्षांतून एकदां त्याला बोलावून खुर्चीवर बसविणें आणि त्याच्याशीं चार शब्दहि न बोलणें, ही कृतज्ञता नव्हे.

डॉक्टराच्या गौरवास जोडीदार हजर असणें ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाहीं. 11 मार्च 1886 रोजीं फिलाडेल्फियांत आनंदीबाई जोशी यांना एम्. डी. ची पदवी मिळाली, तेव्हां त्यांचे पति गोपाळराव समारंभास उपस्थित होते, आणि पंडिता रमाबाईहि त्या प्रसंगासाठीं समुद्र ओलांडून गेल्या होत्या. तो समारंभ खरा होता, त्यांतला आनंदहि खरा होता. परंतु परक्या देशांतील थंडी, खाण्यापिण्याची आबाळ आणि अभ्यासाचा ताण यांनीं पोखरलेल्या शरीराला त्या टाळ्यांचा कांहीं उपयोग झाला नाहीं. 26 फेब्रुवारी 1887 रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याआधींच, पुण्यांत त्यांचा अंत झाला. गौरव वेळेवर झाला. शरीराची जपणूक वेळेवर झाली नाहीं. पहिल्या मराठी स्त्री-डॉक्टराच्या चरित्रांतून आपण अभिमान तेवढा घेतला, हा धडा घेतला नाहीं.

यावर कोणी ज्येष्ठ डॉक्टर म्हणतील, 'आम्हींहि हें सारें सोसलें, म्हणूनच घडलों.' सोसलें हें खरें. परंतु सोसल्यानें सोसविण्याचा हक्क मिळत नाहीं. सासुरवास भोगलेली सासू सुनेस छळूं लागली, तर तिला आपण परंपरेची रक्षक म्हणत नाहीं. दुसरे कोणी विचारतील, 'मग रुग्णांनीं कोठें जावें?' प्रश्न रास्त आहे, पण त्याचें उत्तर जागा भरणें आणि माणसें वाढविणें हें आहे. आहेत त्यांनाच अधिक पिळणें हें नव्हे. अमेरिकेंत न्यूयॉर्कच्या एका इस्पितळांत 1984 सालीं एका अठरा वर्षांच्या मुलीचा मृत्यु झाला, आणि थकलेल्या शिकाऊ डॉक्टरांचा प्रश्न चव्हाट्यावर आला. 2003 पासून त्या देशभर आठवड्याला 80 तासांची मर्यादा लागू झाली. मर्यादा ओढूनताणून मोठीच आहे, पण तिच्यामुळें तेथील इस्पितळें बंद पडलीं नाहींत. आपल्याकडे तर वसतिगृह आणि विद्यावेतन यांच्यासाठींहि निवासी डॉक्टरांच्या 'मार्ड' या संघटनेला 2023 च्या जानेवारींत आणि पुन्हां 2024 च्या फेब्रुवारींत संपाचें हत्यार उपसावें लागलें. ज्यांना निजायला खोली मागण्यासाठीं संप करावा लागतो, त्यांना झुंबराखालीं उभें करून आइसक्रीम देणें, यासारखा उपहास दुसरा नाहीं.

खर्चाविषयींहि एक शब्द. अशा कांहीं समारंभांत व्यासपीठाच्या बाजूला औषधकंपनीचा फलक झळकत असतो. कंपन्यांकडून भेटी व पाहुणचार घेण्यास डॉक्टरांना वैद्यकीय परिषदेच्या नियमांनीं 2009 सालींच मनाई केली. आणि अशा भेटींवरचा खर्च कंपन्यांना करांतून वजा मागतां येणार नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 2022 सालीं दिला. जो पाहुणचार स्वीकारणें नीतीला सोडून आहे, त्याचाच पहिला घांस शिकणाऱ्या डॉक्टराला त्याच्या गुरूंनीं भरवावा काय?

मग करावें काय? मेजवान्या बंद कराव्या, असें आमचें म्हणणें नाहीं. त्या खऱ्या कराव्या. त्या एका रात्रीं वॉर्ड विभागप्रमुखांनीं व ज्येष्ठांनीं सांभाळावे, म्हणजे निवासी डॉक्टर आपल्या माणसाशेजारीं बसून शेवटपर्यंत जेवेल. खर्च संस्थेनें आपल्या तिजोरींतून करावा. भाषणें एकच, आणि तें जोडीदारांना उद्देशून, त्यांचीं नांवें घेऊन असावें. जेवण बसून व्हावें, आणि वाढणारे हात ज्येष्ठांचे असावेत. हें जमत नसेल, तर हॉटेलचा खर्च वांचवून प्रत्येक जोडप्याला महिन्यांतून एक संध्याकाळ लिहून द्यावी, जिच्यांत फोन वाजणार नाहीं. आणि उरलेल्या पैशांतून रोज रात्रीं दोन वाजतां वॉर्डाशेजारच्या खोलींत गरम वरणभात ठेवावा. कारखान्याच्या कामगाराला जें कायद्यानें मिळालें, तें डॉक्टराला कोणी उपकार म्हणून देण्याची गरज नाहीं. तें त्याचें येणें आहे, आणि येणें चुकतें करणाऱ्या यजमानालाच मेजवानीचें निमंत्रण धाडण्याचा अधिकार आहे.